दिढीचा घात: पावकी ते औटकी, विसरलेल्या पाढ्यांचा इतिहास

अंकगणिताच्या चार मूळ क्रियांची मराठी नावे एकदा सलग उच्चारून पाहावीत. ‘बेरीज’ फारसीतून आली. ‘वजाबाकी’तले ‘वजा’ आणि ‘बाकी’ हे दोन्ही शब्द अरबी. ‘गुणाकार’ आणि ‘भागाकार’ मात्र संस्कृत. मिळवणे आणि वजा करणे हे महसुली दफ्तराचे रोजचे काम, आणि दख्खनच्या दफ्तरावर शतकानुशतके फारसीचा पगडा होता. गुणाकार हा पाटीवर आणि तोंडी शिकण्याचा विषय राहिला. या विभागणीवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण एक-एक क्रिया समाजाच्या कोणत्या दालनात वावरत होती, याची चाहूल तीतून लागते.

आजचा धागा गुणाकाराविषयी आहे आणि त्यातही एका लुप्त झालेल्या भागाविषयी. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला बे ते तीसपर्यंतच्या पाढ्यांखेरीज आणखी सात पाढे पाठ असत: पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. म्हणजे अनुक्रमे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीनचे पाढे. आज यांचा उल्लेख बहुधा दोनच सुरांत होतो. एक सूर हळहळीचा, ‘काय ती पाठांतराची शक्ती!’ दुसरा नाक मुरडण्याचा, ‘निव्वळ घोकंपट्टी!’ हे पाढे नेमके याच सात अपूर्णांकांचे का होते, हा प्रश्न दोन्ही सुरांत राहून जातो.

आधी शब्दांकडे पाहू. आपण व्यवहारात ‘दोन’ म्हणतो, पण पाढा म्हणताना ‘बे’. संस्कृत ‘द्वे’चे हे प्राकृत रूप बोलीतून मागे पडले, तरी पाढ्यात टिकून राहिले. ‘दुणे’ म्हणजे द्विगुण, ‘चोक’ म्हणजे चतुष्क, ‘सक’ म्हणजे षट्क. अपूर्णांकांची नावे याहून रंजक आहेत. ‘सव्वा’ हे सपाद, ‘पाऊण’ हे पादोन, म्हणजे पावाने उणे. ‘दीड’ मुळात द्व्यर्ध, ज्यात दुसरा अर्धाच आहे असे. ‘अडीच’ म्हणजे अर्धतृतीय, तिसरा अर्धा. आणि ‘औट’ म्हणजे अर्धचतुर्थ, चौथा अर्धा. ‘औट घटकेचे राज्य’ या वाक्प्रचारात हा शब्द अजून जिवंत आहे, फक्त त्याचा अर्थ साडेतीन होतो हे आपण विसरलो आहोत. या प्राकृत बिऱ्हाडात ‘निम’ तेवढा फारसी पाहुणा आहे.

‘पाव’ म्हणजे पाद, पाय. चतुष्पादाच्या चार पायांपैकी एक, म्हणून चौथा हिस्सा, अशी याची परंपरागत उपपत्ती आहे. देवणी गोवंशासाठी प्रसिद्ध असलेल्या आमच्या देवणीच्या माणसाला ती पटायला वेळ लागू नये.

आता मापांकडे वळू, कारण उत्तराचा पहिला अर्धा भाग तिथे आहे. धान्य मोजण्याचे मराठी मुलखातील रूढ कोष्टक असे: २ निळव्यांचे १ कोळवे, २ कोळव्यांचे १ चिपटे, २ चिपट्यांचे १ मापटे, २ मापट्यांचा १ शेर, २ शेरांची १ अडिसरी, २ अडिसऱ्यांची १ पायली, १६ पायल्यांचा १ मण आणि २० मणांची १ खंडी. गावोगावी शेर लहान-मोठा असे, मणाच्या पायल्याही कुठे कमी-जास्त असत, पण कोष्टकाचा सांगाडा दुपटीचाच. निळव्यापासून पायलीपर्यंत सहा वेळा दुप्पट होते, म्हणजे १ पायली म्हणजे ६४ निळवी. पायलीपासून मणापर्यंत आणखी चार दुपटी. एकूण दहा. १ मण म्हणजे १०२४ निळवी. आजचा विद्यार्थी याला दोनचा दहावा घात म्हणेल. कोठारात माप घालणाऱ्याला हा शब्द ठाऊक नव्हता, पण दहा वेळा निम्मे केले तरी हातातले माप अपुरे पडत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

पैशांचेही तसेच. १६ आण्यांचा रुपया, ४ पैशांचा आणा, ३ पैचा पैसा. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. या १९२चे अवयव पाडले तर सहा वेळा २ आणि एकदा ३ मिळतात. तो एकुलता एक ३ उगाच आलेला नाही. वडिलोपार्जित जमिनीचा पूर्ण हक्क ‘सोळा आणे’ धरला आणि वाटेकरी दोन, चार किंवा आठ असले तर नुसत्या निम्मे-निम्म्याने काम भागते. भाऊ तीन असले की आण्यात भाग जात नाही. पण पैमध्ये जातो: प्रत्येकाला ६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै. जुन्या जमीन-दस्तांत ‘पाच आणे चार पै हिस्सा’ असा विचित्र वाटणारा आकडा भेटतो, त्यामागे तीन भावांची वाटणी असते. सहा वाटेकरी असतील तर २ आणे ८ पै. पाच आणि सात वाटेकऱ्यांपुढे मात्र ही पद्धत हात टेकते.

तुलनेसाठी १०० घ्या. त्याचे अवयव २, २, ५, ५. त्याला नि:शेष भागणाऱ्या संख्या ९, तर १९२ला भागणाऱ्या १४. शंभराला तीनने भाग जातच नाही. दशमान पद्धत लिहायला सोपी आहे यात शंका नाही; पण वाटणीसाठी १९२ अधिक सोयीची होती, एवढे तिच्या पदरात टाकायला हवे.

पावकी ते औटकी हे पाढे याच मोजमापांच्या जगाची हत्यारे होती. समजा, एक जिन्नस अडीच आणे शेर आहे आणि ३७ शेर घ्यायचा आहे. अडीचकी पाठ असलेला माणूस ३७ला ‘साडेब्याण्णव’ म्हणून मोकळा होई; ८० आण्यांचे पाच रुपये बाजूला काढले की बाकी साडेबारा आणे. कागद नाही, पाटी नाही. दर जर पाव, निम, सव्वा, दिडात सांगितले जात असतील, तर पाढेही त्यांचेच हवेत.

मात्र हे केवळ पाठांतर नव्हते. अडीचकी विसरली तर दुपटीत निमकी मिळवता येते. औटकी अडली तर चौपटीतून निमकी वजा करता येते. गुणक फोडावा आणि सोयीने जोडावा, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याचे सर्वांत सुबक विवेचन ‘लीलावती’त आढळते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६चा, म्हणजे इ.स. १११४चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५०मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ हा त्याचाच अंकगणिताचा भाग मानला जातो. त्यांचे गाव विज्जडविड नेमके कोणते, यावर वाद आहे. बीडपासून विजापूरपर्यंत अनेक गावांनी त्यावर हक्क सांगितला आहे आणि मराठवाड्याचा माणूस म्हणून माझा कल कुठे असेल हे सांगणे नको. पुरावा मात्र चाळीसगावजवळच्या पाटणचा भक्कम आहे. तेथील शके ११२८च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख प्रकाशात आणला. लेखाचा बराचसा भाग संस्कृत. पण बाजारात येणाऱ्या मालावर मठाला काय-काय मिळावे, हा व्यवहाराचा भाग येताच लेख जुन्या मराठीत उतरतो. सिद्धान्त संस्कृतात, हिशेब मराठीत!

‘लीलावती’तले गुणाकाराचे पहिले उदाहरण १३५ गुणिले १२ असे आहे. उत्तर १६२०. भास्कराचार्य ते उत्तर एका रीतीने देऊन थांबत नाहीत. त्याच उदाहरणावर अनेक रीती चालवून दाखवतात. सरळ १२ने प्रत्येक अंकाला गुणावे. किंवा १२चे ८ आणि ४ असे दोन तुकडे करून १०८० आणि ५४० मिळवावेत. किंवा १२चे ३ आणि ४ असे अवयव पाडावेत, आधी ४ने गुणून ५४०, मग ३ने गुणून १६२०. किंवा १२मधील दहम आणि एकम सुटे करून गुणावे. किंवा सोयीची संख्या घ्यावी, २०ने गुणून २७०० आणि त्यातून आठपट म्हणजे १०८० वजा. तुकडे पाडणे वेगळे आणि अवयव पाडणे वेगळे: तुकड्यांची उत्तरे मिळवायची असतात, अवयवांनी एकामागून एक गुणायचे असते. शाळेत आजही मुले या दोहोंत गोंधळतात. नऊशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात तो भेद एकाच उदाहरणावर शेजारी-शेजारी मांडलेला आहे.

त्याच ग्रंथात घाताचेही एक उदाहरण आहे. एका दात्याने पहिल्या दिवशी २ कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट करत महिनाभर दिल्या. तर एकूण किती निष्क झाले? यासाठी २चा तिसावा घात हवा. तीस वेळा गुणत बसण्याची गरज नाही. ३० सम आहे, म्हणून निम्मे करून ‘वर्ग’ असे लिहावे; उरले १५. ते विषम आहेत, म्हणून एक उणा करून ‘गुण’ असे लिहावे, उरले १४. असे शून्यापर्यंत जावे आणि मग या खुणा उलट क्रमाने वाचत यावे: २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८ आणि १०७३७४१८२४. तीसऐवजी आठ पायऱ्या. कवड्यांची बेरीज २१४७४८३६४६ भरते आणि तिचे १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या होतात. ही युक्ती भास्कराचार्यांची स्वत:ची नव्हे. त्यांच्या कितीतरी शतके आधी पिंगलाच्या छंद:शास्त्रात वृत्तांची संख्या काढताना ती येते.

येथे एका शब्दापाशी थांबावेसे वाटते. जुन्या गणितग्रंथांत गुणाकाराला हनन, वध, घात असेही म्हटले आहे. पुढे ‘घात’ हा शब्द आपण घातांकासाठी राखून ठेवला. व्यवहारात घात म्हणजे नाश, दगा. आणि शेतकऱ्याच्या तोंडी घात म्हणजे पेरणीजोगी ओल. घात साधली तर पीक, हुकली तर वर्ष गेले. हे तिन्ही अर्थ एकाच ओळीत भेटतात ती जागा म्हणजे धान्याचे कर्ज.

पेरणीच्या वेळी घरात बियाणे नसले की ते सावकाराकडून घ्यायचे आणि सुगीला सव्वापट किंवा दीडपट परत करायचे, या व्यवहाराला ‘वाढीदिढी’ म्हणत. सवायकी आणि दिडकी हे पाढे बाजारात जसे चालत, तसेच ते या कर्जातही चालत. समजा, १ मण ज्वारी दिढीने घेतली आणि पीक बुडाल्यामुळे देणे दरवर्षी नव्याने मांडले गेले. पहिल्या सुगीला १ मण ८ पायल्या. दुसऱ्या सुगीला २ मण ४ पायल्या. तिसऱ्याला ३ मण ६ पायल्या. चौथ्याला ५ मण १ पायली. चार वर्षांत एकाचे पाच, वर एक पायली, आणि एकाही पायरीवर अपूर्णांक उरत नाही! सवाईने नेले तर चौथ्या वर्षी २ मण ७ पायल्या १ चिपटे, हेही नेमके. कारण उघड आहे. दीडचा छेद २, सव्वाचा छेद ४. आणि मापे सारी दोनच्या घातांची. व्याजाचा दर आणि धान्याचे माप एकाच साच्यातून निघालेले होते. ज्याला दिडकी येत होती त्याला ‘५ मण १ पायली’ हे जिभेच्या टोकावर असे. ज्याला नुसते ‘दीडपट’ एवढेच कळत होते, तो चार वेळा अर्धा मण वाढला असे समजून तीन मणांची तयारी करत असेल. उरलेल्या दोन मण एका पायलीचा वाद त्याला मांडताच येत नव्हता.

पंतोजीच्या शाळेत बसणारी मुले मुख्यत: ब्राह्मण, वाणी आणि अशा लेखणी-तराजूच्या जातींची. मुलींना तिथे जागा नव्हती आणि अस्पृश्यांना पायरीही नव्हती. कुणब्याचा पोर कधी गेलाच तर पेरणी-काढणीपुरता परत शेतात येई. म्हणून पाढ्यांच्या लोपाची हळहळ करताना ते कोणाच्या तोंडी होते, हेही विचारले पाहिजे. जोतिराव फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या दैन्याचा धागा अविद्येशी जोडला, तेव्हा त्यांच्यासमोर असलीच देणी होती.

वाढत जाणाऱ्या कर्जाला आळा घालण्याची कल्पना मात्र जुनी. मनुस्मृतीत पैशाचे व्याज मुद्दलाच्या दुपटीपलीकडे आणि धान्याचे पाचपटीपलीकडे नेऊ नये असे बंधन आहे. ‘दामदुपट’ हा नियम त्यातलाच. दिढीचे देणे चौथ्या वर्षी नेमके पाचपट ओलांडते, हा योगायोग मोहात पाडणारा आहे. पण योगायोगच समजावा, त्यावर इमारत उभारू नये.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि पुढे पुणे-अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगावी कर्जरोखे हिसकावून जाळण्यात आले. पेटवायला त्यांनी नेमका कागद निवडला, यात त्यांची जाण दिसते. मुद्दल घरात खाऊन संपले होते, घात कागदावर होता. त्यानंतर १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. न्यायाधीशाने रोख्यावरचा शेवटचा आकडा प्रमाण न मानता व्यवहाराचा इतिहास अगदी पहिल्या देण्यापासून उकलावा, मुद्दल आणि व्याज वेगळे मांडावे आणि व्याजाचे मुद्दल होऊ देऊ नये, असा त्याचा आशय होता. गणिताच्या भाषेत, न्यायालयाने गुणाकार सोडवून पुन्हा बेरजेवर आणायचा.

हा कायदा प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. म्हणजे तो बार्शीपर्यंत आला आणि थांबला. बार्शीच्या पूर्वेला निजामाचे राज्य सुरू होत होते. देवणीचा परिसर त्या वेळी बिदर जिल्ह्यात होता. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके तेथून सुटून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आले ते १९५६मध्ये.

निजामी राज्यातल्या हिशेबाला आणखी एक गाठ होती. येथे हाली सिक्क्याचा रुपया चाले आणि इंग्रजी रुपयाला ‘कलदार’ म्हणत. लातूरचा माल बार्शीच्या बाजाराला गेला की हाली आणि कलदार यांची अदलाबदल अटळ. सर्वसाधारण दर असा, की १०० कलदारांना हाली ११६ रुपये १० आणे ८ पै. आकडा ओबडधोबड दिसतो, पण अवयव पाडले की साधा होतो: ६ कलदारांना ७ हाली. एका कलदाराचे हाली १ रुपया २ आणे ८ पै, अगदी नेमके, कारण १९२ला ६ने भाग जातो. उलट दिशेने जा, तर हाली रुपयाचे कलदारात १३ आणे ८ पै आणि वर एक न संपणारा तुकडा. १९२च्या अवयवांत ७ कुठेच नाही. शिवाय रूढ पाढ्यांत सप्तमांशाचा पाढा नव्हता. दरावर बट्टा असे तो वेगळाच; त्याखेरीज हा उरलेला तुकडा कोणाच्या थैलीत पडत असेल, हे सांगायला नको.

सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. हाली रुपया लगेच गेला नाही. ७ ला ६ याच प्रमाणात तो काही वर्षे चालला आणि १९५९मध्ये चलनातून बाद झाला. त्याआधीच, १ एप्रिल १९५७ रोजी, नवा पैसा आला होता. म्हणजे दोन-अडीच वर्षे या भागातल्या माणसाच्या कानावर हाली, आणे आणि नवे पैसे असे तीन हिशेब एकाच वेळी पडत होते. आण्याचे नवे पैसे सव्वासहा होत, पण सव्वासहाचे नाणे नव्हते. म्हणून १ आण्याला ६, दोनला १२, तीनला १९ आणि चारला २५ असे कोष्टक ठरले. सलग तीनदा एक-एक आण्याची वस्तू घेतली तर १८ पैसे, एकदम घेतली तर १९. सोळा आणि शंभर यांच्यात सामाईक अवयव चारच, बाकी सारे एकमेकांना परके. त्या परकेपणाची ही किंमत.

पाठोपाठ किलोग्रॅम आणि लिटर आले, आणि सात पाढ्यांच्या पायाखालची जमीन गेली. दर जेव्हा रुपये-पैशांत आणि माप ग्रॅममध्ये सांगितले जाऊ लागले, तेव्हा औटकी पाठ असण्याला प्रयोजन उरले नाही. मुले आळशी झाली म्हणून हे पाढे गेले नाहीत. ज्या १६, ६४ आणि १९२साठी ते घडवले होते, त्या संख्याच बाजारातून उठल्या.

बोली मात्र हट्टी असते. २५ पैशांचे नाणे ३० जून २०११पासून अधिकृतपणे बाद झाले, तोवर त्याला आपल्याकडे ‘चाराणे’च म्हणत. आणि खरिपाच्या पिकाचा सरकारी अंदाज जाहीर होतो तेव्हा कागदावर ‘पैसेवारी’ असते, तर पारावर अजून ‘आणेवारी’ किती लागली असेच विचारतात. गावाचा आकडा ५० पैशांच्या आत आला की टंचाईच्या सवलतींची वाट मोकळी होते. सोळा आण्यांच्या पिकातले ते आठ आणे.